गंगाराम तांबट कोणाचा शिष्य?

दिवाळी अंकात गेंडा कशाला, असे वाचक म्हणतील. पण हा गेंडा पेशव्यांच्या शिकारखान्यातला, म्हणजे अस्सल पुणेकर. १७९० च्या नोव्हेंबरात गंगाराम चिंतामण तांबट या चित्रकाराने तो कागदावर उतरवला. चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहे. इंटरनेटवर ते कोणालाही पाहता येते.

चित्रकारांचे जगड्व्याळ कोशही आता इंटरनेटवर आले आहेत. लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेची कलावंतांची नामसूची त्यांतली प्रमुख. निरनिराळी संग्रहालये व अभ्यासक तिला माहिती पुरवतात. प्रत्येकाचे एक पसंतीचे नाव, मग इतर नावे, कार्यकाळ, गुरू आणि शिष्य. नावापुढे आधार हवाच. ही शिस्त मला फार आवडते. आपल्याकडच्या चरित्रलेखनात आधाराची जागा पुष्कळदा आदरच अडवून बसतो!

पण रकाने आले की माणूस त्यांत कोंबावा लागतो. गंगारामाचे आडनाव कोणते? कुठे तांबट, कुठे नवगिरे-तांबट. तांबट हा धंदा, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. परदेशी नोंदकाराला सांगावे लागते. (शाळेचा पट लिहिणाऱ्या मास्तरांना हा घोळ नवा नाही.)

याहून मोठी अडचण गुरूच्या रकान्यात आहे. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली आणि जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तिथे शिकवू लागला. म्हणून गंगारामाची ओळख बहुधा वेल्सचा शिष्य अशीच करून दिली जाते. परंतु वेल्स मुंबईस उतरला १७९१ मध्ये. गेंडा त्याच्या आधीचा! ज्याचा हात आधीच असा चालत होता, त्याला नुसता शिष्य म्हणणे मला पटत नाही. वेल्सकडून तो काही शिकला नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. पण सूचीतला एक शब्द पुढे दहा पुस्तकांत उतरतो, आणि मग तो खोडायला कोणी धजत नाही.

तेव्हा पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल वाचणाऱ्यांनी या कामात हात घालावा. तोवर गुरूच्या रकान्यात वेल्सचे नाव खुशाल राहू द्यावे, पण सनासकट; आणि त्याच्या वर गेंड्याची तारीख.