आठवड्याला पगार घेणारा शेतकरी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘प्रोफेशन’ नावाचे एक स्किल आहे. आपले पात्र शेतकरी ठरवले की आठवड्यातून एकदा वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात कौशल्याचे गुण मिळवायचे आणि बेरजेच्या निम्मी सोन्याची नाणी खिशात घालायची. बेरीज चौदा आली तर सात नाणी. खलाशाला तेच, स्वयंपाक्याला तेच, लेखनिकालाही तेच. यवतमाळ जिल्ह्यात कुठल्याही पारावर हा नियम वाचून दाखवा, हसू आवरणार नाही. मृग कोरडा गेला, दुबार पेरणी झाली, बोंडात गुलाबी अळी निघाली, तरी दर आठवड्याला रोकड! असे वावर इकडे कुणाकडे असते तर सावकाराने केव्हाच गाशा गुंडाळला असता.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा मूळ खेळ 1974 चा. तो युद्धखेळांच्या पोटी जन्मला, म्हणून तलवार चालवण्याचे नियम पानोपानी आणि ती घडवणारा लोहार फक्त दुकानापुरता. 1979 च्या गेम मास्टरसाठीच्या पुस्तकात पात्राचा पूर्वीचा धंदा ठरवणारा तक्ता आला. त्यात शेतकरी, गवंडी, शिंपी असे सगळे होते. पण त्या धंद्याचे पुढे करायचे काय, हे मास्टरच्या मर्जीवर सोडलेले. तिसऱ्या आवृत्तीने मात्र कारागिरीला वेगळे स्किल देऊन हिशेबच मांडला. कच्चा माल किमतीच्या एक तृतीयांश. फाशाची बेरीज गुणिले कामाची अवघडता, म्हणजे आठवड्याभरात झालेले चांदीच्या नाण्यांचे काम. पूर्ण अंगाचे चिलखत 1500 सोन्याच्या, म्हणजे 15,000 चांदीच्या नाण्यांचे. अवघडता 18. लोहाराची बेरीज दर वेळी वीस आली तरी आठवड्याला 360 चे काम होते, म्हणजे चिलखताला जवळपास 42 आठवडे. तोवर सोबत्यांनी दोन राज्ये बुडवलेली असतात.

2008 च्या चौथ्या आवृत्तीने ‘प्रोफेशन’ आणि कारागिरी ही दोन्ही स्किल्स सरळ काढून टाकली. मला तो निर्णय निदान प्रामाणिक वाटतो. 2014 मध्ये अवजारांच्या रूपाने कारागिरी परतली, रोज सोन्याच्या पाच नाण्यांच्या कामाने, आणि चिलखताला 300 दिवस लागू लागले. 2024 च्या नियमांत ते 150 वर आले. दहा वर्षांत लोहाराचा हात दुप्पट चालू लागला, पण तो लोखंडाकडे कसा बघतो हे कुठल्याच आवृत्तीने विचारले नाही.

खोट इथेच आहे. धंद्याला हे खेळ दोनच प्रश्न विचारतात: किती दिवस लागले आणि किती मिळाले. धंदा माणसाला आधी नजर देतो. पांढरकवडा किंवा वणीकडच्या कापूस खरेदीत मुरलेला माणूस बघा. तो ढिगात वरवर हात घालत नाही, खोल घालतो, कारण वरचा कापूस उन्हाने सुकलेला असतो. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढतो आणि धाग्याची लांबी सांगतो. सरकी दाताखाली फोडून ओलावा जोखतो. कवडी किती, पत्ती किती, हा कापूस पहिल्या वेचणीचा की फरदडीचा, हे त्याला मीटर लावण्याआधी कळते. एवढेच नव्हे, गाडीवाल्याला आज पैशाची किती निकड आहे, हेही कळते. असे पात्र गुप्त तळघराच्या दारापाशी उभे केले, तर भिंतीतली ओल, कोठारातला वास, पहारेकऱ्याची घाई यांतले काय ते आधी टिपेल? यासाठी नाणी मोजावी लागत नाहीत.

हे काही खेळांना उमगले आहे. 1986 च्या वॉरहॅमर फँटसी रोलप्लेमध्ये फासा टाकून तुम्ही उंदीर पकडणारेही होता आणि सोबत एक लहानसा खुनशी कुत्रा मिळतो. त्या कुत्र्यातून गटारे, धान्याची कोठारे, शहराची खालची बाजू, सगळे खेळात येते. 1981 च्या कॉल ऑफ कथुलूत वकील नि पत्रकार आपापल्या शहाणपणानेच मरणाच्या दारात जातात. आर्स मॅजिका (1987) काळ ऋतूंमध्ये मोजतो, म्हणजे निदान खरीप-रब्बीच्या हिशेबाजवळ येतो. पण ते ऋतू मुख्यतः जादूगाराच्या अभ्यासासाठी. पाथफाइंडरच्या 2019 च्या आवृत्तीत ‘लोअर’ नावाने शेतीचे ज्ञान घेता येते, ही चांगली सोय. बहुतेक टेबलांवर मात्र तिचा उपयोग मोहिमांमधल्या मोकळ्या दिवसांत चार पैसे कमावण्यापुरताच होतो.

आपल्याकडे धंद्यांचे सर्वांत बारीक नियमपुस्तक 1915 मध्येच छापले गेले, त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’. कोणत्या बलुतेदाराने कोणते काम करायचे, खळ्यावर त्याला काय मिळायचे, कोणाची ओळ पहिली, सगळे त्यात आहे. एखाद्या मराठी खेळकर्त्याला त्यावरून बारा बलुतेदारांची बारा पात्रे पाडायचा मोह होईल. त्याने तसे करू नये. निदान दया पवारांचे ‘बलुतं’ (1978) वाचल्याशिवाय तरी नाही. गावगाड्यात धंदा निवडायचा नसतो, तो जन्माने गळ्यात पडतो, आणि काही कामांना स्किल म्हणणे ही थट्टा ठरेल. खेळाडूला पसंतीची मोकळीक देऊन त्या गावाचे चित्र गोड करायचे, यापेक्षा ड्रॅगन बरे.

पण खळ्यावरचे देणे-घेणे उचलण्याजोगे आहे. यवतमाळच्या काळ्या मातीत खेळ मांडायचाच, तर पात्राच्या कागदावरचा नाण्यांचा रकाना मी खोडीन आणि तिथे दोन रकाने आखीन: कोणाचे देणे, कोणाकडे येणे. आठवड्याचा फासा बंद; फासा पेरणीला एकदा आणि वेचणीला एकदा. ऐन डवरणीत डवरे मोडले आणि सुताराचे गेल्या साली ठरलेले धान्य पोचलेले नसले, तर तो नाही म्हणणार नाही. उद्या ये म्हणेल. त्या उद्याचा दंड किती गुणांचा असावा, एवढेच मास्टरने ठरवायचे, आणि आभाळ भरून आले असेल तर तो दुप्पट.