पाच पोफळं आणि नऊ पिढ्या

पाटणादेवीला जाणाऱ्या माणसाला तिथला शिलालेख ‘भास्कराचार्यांचा’ म्हणून सांगितला जातो. खरं तर तो त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा आहे. शके ११२८, म्हणजे इ.स. १२०७. चांगदेव देवगिरीच्या यादव राजा सिंघणाकडे ज्योतिषी होता. त्याने चाळीसगावच्या नैऋत्येला, सातमाळा डोंगराच्या कुशीतल्या पाटणात एक मठ काढला. तिथे ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत, म्हणून त्या भागावर सत्ता असलेल्या निकुंभ वंशातल्या सोइदेवाने मठाला देणगी दिली. त्याच्यानंतर भाऊ हेमाडिदेवाने ती चालू ठेवली. ही सगळी हकिकत दगडावर आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली आणि पुढे कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात तिचं संपादन केलं. तेव्हापासून हा लेख मुख्यतः एका कामासाठी वाचला गेला: भास्कराचार्यांचं घराणं कुठलं, हे ठरवण्यासाठी. मला तो इथे साहित्य म्हणून वाचायचा आहे. आपली मुळं सांगणाऱ्या मजकुराची घडण कशी असते, त्यात कोण येतं आणि कोण गळतं, हे या एका दगडावर जितकं उघड दिसतं तितकं जाड जाड कुलवृत्तांतांतही दिसत नाही.

लेखाचा मोठा भाग संस्कृत पद्यात आहे. त्यात वंश येतो तो असा: त्रिविक्रम, त्याचा मुलगा भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग आपल्या ओळखीचे भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि शेवटी चांगदेव. नऊ पिढ्या. या पुरुषांची ओळख जमिनीने किंवा पराक्रमाने होत नाही, विद्येने आणि चाकरीने होते. त्रिविक्रम कवींमधला चक्रवर्ती. भास्करभट्टाला भोज राजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिली. लक्ष्मीधराला जैत्रपाल राजाने या गावातून नेऊन आपल्या दरबारच्या पंडितांचा प्रमुख केलं. चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी. म्हणजे वेल वाचता वाचता आपण नोकऱ्यांची यादी वाचत असतो.

इथे एक गोष्ट लक्षात येते. वंशवेल कोरून घेणारा माणूस गाव सोडलेला आहे. बाप दरबारात गेला, मुलगा दरबारातच मोठा झाला, आणि मग घाट उतरून येऊन त्याने पाटणात आपलं मूळ दगडावर पक्कं केलं. जो गावातच राहिला त्याला असं काही कोरून ठेवायची गरज नव्हती. त्याला ‘तू कोना पोऱ्या शे रे?’ असं कुणी विचारलं तर बापाचं नाव सांगून काम भागत होतं. मुळं शोधायची वेळ येते ती कामासाठी बाहेर पडलेल्यावर.

पण चांगदेवाला केवळ गावाची ओढ लागली होती असं मानायला दगड परवानगी देत नाही. देणगी मिळण्यासाठी तो मठ, मठासाठी ते ग्रंथ आणि ग्रंथांसाठी ते घराणं, अशी या लेखाची रचना आहे. नऊ पिढ्यांचं कवित्व शेवटी एका दानपत्राला जोडलेलं आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर वंशावळ हे अर्जासोबतचं जोडपत्र आहे.

महाराष्ट्रातल्या माझ्या पिढीला हे जोडपत्र चांगलं ओळखीचं आहे. राखीव जागेवर इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा तर जातवैधता लागते आणि तिच्यासोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. आम्हा ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा. आमच्या घरी तेव्हा पहिल्यांदा वंशावळ काढली गेली. चाळीसगाव तालुक्यातल्या एका खेड्यात आमच्या पणजोबांचा तेलाचा घाणा होता. त्यांच्या बापाचं नाव एका जुन्या नोंदीत मिळालं आणि त्याच्या वर काहीच नाही. चार पिढ्या, तेवढ्यात वेल संपली. कागदावर बापाकडून बापाकडे बाण जात होते. माझ्या आजीचं नाव त्यात कुठेच नव्हतं, आत्यांची नव्हती. २०२३ पासून मोडी कागदांमध्ये कुणबी नोंदी शोधण्याचं जे काम राज्यभर चाललं, त्यातही घरोघर हेच झालं. पणजोबा सापडले, पणजी सापडली नाही. कारण कुणी तिला शोधतच नव्हतं. चांगदेवाची वेल आणि आमचं शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवरचं प्रतिज्ञापत्र यांचा साहित्यप्रकार एकच आहे.

या प्रकारात किती गळतं याचा हिशोब करता येतो, आणि तो याच घराण्याच्या गणिताने करता येतो. ‘लीलावती’त श्रेढीव्यवहार आहे, त्यात दर पायरीला ठरावीक पटीने वाढत जाणाऱ्या श्रेढीची बेरीजही आहे. चांगदेवाचे आईबाप दोन, त्यांचे चार, त्यांचे आठ. असं करत त्रिविक्रमाच्या पायरीवर पोहोचलो की तिथे २५६ जागा होतात, आणि आठ पायऱ्यांची बेरीज ५१०. नात्यात लग्नं झाली असतील तर एकच माणूस दोन जागांवर बसेल, म्हणून प्रत्यक्ष माणसं कमी धरू. तरी ५१० जागांपैकी दगडाने भरल्या त्या फक्त आठ. बाकीच्यांत अर्ध्याहून जास्त जागा बायकांच्या आहेत. हिला फांद्यांचं झाड म्हणता येणार नाही. एकातून एक ओवलेली ती साखळी आहे.

बायकाच कशाला, भाऊही गळतात. पाटण्यापासून फार लांब नाही, याच तालुक्यात गिरणाकाठी बहाळ आहे. तिथे शके ११४४ चा, म्हणजे पाटण्यानंतर पंधरा वर्षांनी कोरलेला दुसरा शिलालेख आहे. तो अनंतदेवाचा. तोही सिंघणाचाच ज्योतिषी. तो आपला वंश महेश्वराचा मुलगा श्रीपती, त्याचा गणपती आणि त्याचा मी, असा सांगतो. म्हणजे श्रीपती हा भास्कराचार्यांचा भाऊ. पाटण्याच्या वेलीत हा श्रीपती नाही. दोन सख्खे भाऊ एकत्र दिसायला दोन गावं आणि दोन दगड लागतात.

लोकांना मात्र ही साखळी पुरेशी वाटलेली नाही. भास्कराचार्यांना लीलावती नावाची मुलगी होती, घटिकापात्रात मोती पडून तिचा मुहूर्त टळला, आणि तिच्या समाधानासाठी बापाने ग्रंथाला तिचं नाव दिलं, ही गोष्ट फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात येते. ती खरी की रचलेली, हे पाटण्याच्या दगडावरून ठरणार नाही; पुरुषांच्या वेलीत मुलगी नसणं हा कशाचाच पुरावा नाही. पण ही गोष्ट इतकी शतकं टिकली याचं कारण मला त्या वेलीतच दिसतं. वेलीने जिथे जागा सोडली होती तिथे गोष्टीने एक मुलगी आणून बसवली.

मराठीत या साखळीला सगळ्यात मोठं उत्तर दिलं ते खानदेशातल्याच लेखकाने. भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ २०१० मध्ये आली. तिचा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक. दूर मोहेंजोदडोच्या उत्खननावर काम करणारा हा मुलगा वडिलांच्या मृत्यूमुळे मोरगावला परततो, आणि परततानाच्या प्रवासात घर, गाव, जाती, बायका, फिरस्ते, सगळं थरांसारखं वर येत राहतं. चांगदेवासारखाच हाही काम करायला बाहेर पडलेला आणि वारसा ठरवायला परतलेला. पण त्याला एका ओळीतली वेल मान्य नाही. उत्खननात थर सापडतात आणि एकाच थरात हाडं, खापरं, मणी सगळं एकत्र निघतं, ही त्याच्या धंद्याची शिकवण कादंबरीने घराण्याला लावून पाहिली. हे मोठं काम आहे. ‘हिंदू’ वाचल्यावर आपल्या घराकडे वेल म्हणून बघणं अवघड होतं.

तरीही माझी एक अडचण राहते. अडगळ असायला आधी माळा लागतो. खंडेरावाकडे घर आहे, शेतं आहेत, वारसा घ्यायचा की टाकायचा असा प्रश्न आहे. हा प्रश्न पडणं हीच मिळकत आहे. पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्याला ‘समृद्ध’ म्हणताना शब्दात थोडी चेष्टा असेल, पण ती मालकाने केलेली चेष्टा आहे. कादंबरीत गावगाड्यातली असंख्य माणसं येतात, ठसठशीत येतात. पण ती येतात वारसाच्या आठवणीतून. ज्यांच्या घरात चार पिढ्यांच्या वर कागदच नाही, त्यांचं मूळ साखळीतही नाही आणि अडगळीतही नाही. मग ते कुठे बघायचं?

माझं उत्तर पाटण्याच्याच दगडावर आहे, पण संस्कृत संपल्यानंतर. लेखाच्या शेवटच्या ओळी मराठीत आहेत. भाषेचे अभ्यासक त्या जुन्या मराठीचा नमुना म्हणून वाचतात, घराण्याचा इतिहास शोधणारे तिथे येण्याआधीच थांबतात. या ओळींत मठाचं उत्पन्न सांगितलं आहे. पाटणच्या बाजारात जो माल निघेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळं. जितके घाणे चालत असतील तितक्यांकडून पळी पळी तेल. जे मोजायचं ते मठाच्या मापाने मोजायचं, आणि मापणावळ अर्धी मठाची, अर्धी मापाऱ्याची.

वरच्या श्लोकांत कवी आहेत, सर्वज्ञ आहेत, राजे आहेत. इथे गिऱ्हाईक, विकणारा, तेली, मापारी. एकाचंही नाव नाही. पण श्लोकांत नसलेली एक गोष्ट इथे आहे: माणसं काहीतरी करताना दिसतात. घाणा फिरतो, पळी भरते, पोफळं मोजली जातात. पोफळ, पळी, घाणा, माप हे शब्द आजही माझ्या घरात समजावून सांगावे लागत नाहीत. वर ज्यांच्या नऊ पिढ्यांची स्तुती आहे ती माणसं कुणाच्या तेलावर शिकणार होती, तेही इथेच कळतं.

या ओळींना डोक्यावर घेण्यातही धोका आहे. ही वसुलीची भाषा आहे. माप मठाचं आहे, म्हणजे देणाऱ्याला मोजण्याचाही हक्क नाही. पाटणच्या त्या घाण्यांशी आमच्या पणजोबांच्या घाण्याचा काही संबंध मी जोडत नाही. मध्ये सातशे वर्षं आहेत आणि तसा धागा जोडायला गेलो तर मीही चांगदेवासारखी साखळीच ओवत बसेन. मला एवढंच म्हणायचं आहे की मूळ म्हणजे पूर्वजाचं नाव, ही समजूत संस्कृत भागाने दिली. मराठी भाग दुसरी शक्यता दाखवतो: मूळ म्हणजे एका जागेवर, एका बाजारात, बऱ्याच लोकांनी मिळून केलेलं काम. त्यावर वारसा सांगता येत नाही, प्रमाणपत्र मिळत नाही. पण ते कुणा एका घराण्याचं नसल्यामुळे कुणालाच त्यातून गाळताही येत नाही.

चांगदेवाचं श्रेयही इथेच द्यायला हवं. त्याला नुसतं देऊळ बांधून वर नाव कोरता आलं असतं. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायची सोय केली, म्हणजे वंशाबाहेरच्या मुलांना ते मिळावेत अशी तजवीज केली. त्या मठात कोणाला बसू दिलं जात असेल याबद्दल मला भाबड्या कल्पना नाहीत. तरी रक्ताची साखळी त्याने शेवटी शिष्यांकडे वळवली हे खरं. पुढे मठ गेला, आणि ‘लीलावती’ राहिली ती शिकणाऱ्यांमुळे.

पाटण्याची जमीन या सगळ्याहून जुनी आहे. एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात इथे केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेला एक तुकडा मिळाला. तो सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्या बारीक, आडव्यातिडव्या रेघा कुणी कोरल्या, त्याचा बाप कोण, की ती बाई होती, हे विचारायची सोय नाही. कोरणाऱ्याने आपलं काही सांगितलं नाही, फक्त हात चालवला. चाळीसगावकडच्या माणसाने आपलं सर्वांत जुनं मूळ म्हणून काही दाखवायचंच तर मी त्रिविक्रमाच्या आधी ते कवच दाखवीन, आणि त्यानंतर तेलाची पळी.