थोरल्या राजकन्येचे दिवस : थिबाच्या लेकीची कथा कोणी कशी सांगितली?

रत्नागिरीत पाहुणे आले की त्यांना थिबा पॅलेस दाखवायला नेणं हे प्रत्येक घरात कोणाच्या तरी वाट्याला येतं. आमच्या घरात ते माझ्याकडे आहे. त्या आवारात मी एक गोष्ट अनेकदा ऐकली आहे. वरच्या मजल्याच्या खिडकीकडे बोट दाखवून कोणीतरी सांगतं, "इथेच राजाच्या मोठ्या मुलीचं आणि दरवानाचं प्रेम जमलं." ऐकणारे वर बघतात, फोटो काढतात आणि पुढे थिबा पॉइंटवर भाट्याची खाडी बघायला जातात.

गोष्ट चांगली आहे, फक्त ती तारखांत बसत नाही. राजवाडा बांधून झाला आणि थिबाचं कुटुंब तिथे राहायला गेलं ते १९१० मध्ये. थोरल्या राजकन्येची मुलगी जन्मली १९०६ मध्ये. म्हणजे त्या प्रेमाला, जर ते प्रेम असेल तर, राजवाडा मिळालाच नव्हता. जे घडलं ते आधीच्या बंगल्यात, जिथे पदच्युत राजाचं कुटुंब वर्षानुवर्षं सरकारी देखरेखीखाली राहत होतं.

चार वर्षांची ही चूक किरकोळ वाटेल. मला ती महत्त्वाची वाटते, कारण ती उगाच झालेली नाही. प्रेमकथेला राजवाडा शोभतो. परक्या मुलखात, नजरकैदेत, लग्न न झालेल्या एका पंचविशीतल्या मुलीला दिवस गेले, एवढंच सांगितलं तर फोटो काढावासा वाटत नाही. म्हणून लोकांनी राजवाडा चार वर्षं अलीकडे ओढला. अशी ओढाताण फक्त आवारातल्या सांगणाऱ्यांनी केलेली नाही. या घटनेवर ज्यांनी ज्यांनी लिहिलं, त्यांनी ती आपापल्या गरजेच्या घरात नेऊन ठेवली. मी विद्यापीठातली अभ्यासक नाही. गावच्या गोष्टीचा माग काढत पुस्तकांपर्यंत पोहोचलेली वाचक आहे. त्या वाचनातून जे दिसलं ते इथे मांडते.

आईचं गरोदरपण, मुलीचं गरोदरपण

आधी घटनाक्रम. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला राणी सुपायालतसह आगबोटीवर चढवलं. बरोबर राणीची बहीण असलेली धाकटी राणी आणि दोन लहान मुली होत्या. थोरली, म्यात फाया जी, १८८० ची. म्हणजे पाच वर्षांची. आधी रंगून, मग मद्रास आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. रेल्वे नसलेलं, पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की जगापासून तुटणारं हे गाव राजाला विसरायला लावण्यासाठी सोयीचं होतं. थिबा इथेच डिसेंबर १९१६ मध्ये वारला.

या प्रवासात एक गरोदरपण होतंच. मंडाले सोडताना राणी सुपायालत पोटुशी होती. तिसरी राजकन्या मार्च १८८६ मध्ये मद्रासला जन्मली, आणि चौथी पुढच्या वर्षी रत्नागिरीत. आईच्या त्या अवघडलेल्या प्रवासाबद्दल लिहिताना लेखकांचा सूर करुणेचा असतो. राज्य गेलेली राणी, पोटात मूल, समोर अनोळखी समुद्र. ते योग्यच आहे.

वीस वर्षांनी त्याच कुटुंबात दुसरं गरोदरपण आलं आणि सूर बदलला. आता शब्द येतात ते 'प्रकरण', 'बभ्रा', 'पाऊल वाकडं पडलं' असे. मूल तसंच, परका मुलूख तोच, कैदही तीच. फरक एवढाच की आईला नवरा होता. मुलीच्या मुलाचा बाप गोपाळ भाऊराव सावंत हा बंगल्यावरचा दरवान होता, आणि त्याचं आधीच लग्न झालेलं होतं.

मुलीचं लग्न का झालं नव्हतं, हे प्रत्येक वेळी सांगायला हवं. कोनबाऊंग घराण्यात राजरक्त बाहेर जाऊ नये म्हणून घरातल्या घरात, सावत्र भावंडांतही लग्नं होत. थिबा आणि सुपायालत दोघंही मिंडोन राजाचीच अपत्यं, वेगवेगळ्या राण्यांची. राजकन्येला राजघराण्यातलाच वर हवा, आणि तो रत्नागिरीत कुठून येणार? एका बाजूने बापाची रीत, दुसऱ्या बाजूने सरकारचा पहारा. पाच वर्षांची आलेली मुलगी या दोहोंच्या मध्ये पंचवीस वर्षांची झाली. तिच्या वयाच्या रत्नागिरीकर बायका तोवर चार-चार लेकरांच्या आया झाल्या होत्या.

पुस्तकाच्या नावातच संपलेली गोष्ट

सरकारी कागदपत्रांच्या आधारे लिहिलेलं डब्ल्यू. एस. देसाई यांचं पुस्तक १९६७ चं. थिबावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते उघडावं लागतं. त्याच्या नावात 'पदच्युत राजा थिबा' आहे आणि पुढे साल आहे १८८५ ते १९१६. चौकट तिथेच ठरते. सरकारची फाईल राजाच्या नावाने उघडली होती आणि राजा गेल्यावर ती मिटणार हे उघड आहे. अशा फायलीत पेन्शन असते, कर्ज असतं, विकलेले दागिने असतात, घराचा खर्च असतो. मुलीचं गरोदरपण तिथे आलंच तर देखरेखीतली चूक म्हणून येणार. मी देसाईंना दोष देत नाही. कागद जे विचारतो तेच इतिहासकाराला आयतं मिळतं. पण थोरल्या राजकन्येचं आयुष्य १९१६ ला संपलं नाही. तिला अजून एकतीस वर्षं जगायचं होतं.

दरवानाचा गाडीवान का झाला?

जगाला ही गोष्ट कळली ती अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' या २००० सालच्या कादंबरीमुळे. रत्नागिरीकर म्हणून मला या कादंबरीचं ऋण मान्य आहे. राजवाड्याआधीचा बंगला, त्यावरून दिसणारा समुद्र, पावसाळ्यातलं कोंडलेपण हे घोषनी नेमकं पकडलं. आवारातल्या गोष्टीसारखी तारखेची गफलत त्यांनी केली नाही. गरोदरपण जुन्याच बंगल्यात ठेवलं.

पण एक बदल केला. त्यांचा सावंत गाडीवान आहे. कादंबरीकाराला तेवढी मोकळीक असते, यात वाद नाही. घरात त्याचं वजन वाढत गेल्याचंही ते दाखवतात. तरी वाचकाच्या मनात राहतो तो घोड्यांचा माणूस, बाहेरच्या रस्त्याशी नातं असलेला. प्रत्यक्षातला गोपाळ दाराशी उभा राहणारा होता. कोण आत येतं, कोण बाहेर जातं हे बघणं हीच त्याची चाकरी. ज्या घराबाहेर मनाप्रमाणे पडता येत नाही, त्या घरातली मुलगी आणि त्या घराचा दरवान यांच्यात जे झालं, त्याला नाव देणं फार कठीण आहे. ती राजकन्या, तो नोकर. म्हणून ती वरची. ती कैदी, तो पहाऱ्यावरचा. म्हणून तो वरचा. गाडीवान केल्यावर ही दुसरी बाजू फिकट होते आणि उरतो तो फक्त उच्च-नीच ओलांडणारा संबंध.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. कादंबरीत ही बातमी राजकन्येच्या तोंडून येत नाही. डॉली, उमा, कलेक्टर असा तिचा प्रवास होतो. कलेक्टर राणीपुढे लोकलज्जेचा विषय काढतो, तेव्हा राणी तो त्याच्यावरच उलटवते: लाजिरवाणं काही असेल तर ते आम्हाला इथे कोंडून ठेवणं. हा प्रसंग कादंबरीतल्या उत्तम प्रसंगांपैकी आहे, आणि युक्तिवाद बिनतोड आहे. पण तो आईचा युक्तिवाद आहे. पुढे या प्रकरणाची झळ कलेक्टरला लागते, त्याचा शेवट होतो, आणि कथा उमा व डॉलीबरोबर निघून जाते. राजकन्येचं गरोदरपण साम्राज्यावरचा आरोप म्हणून वापरून झालं की कादंबरीला तिची गरज उरत नाही.

म्हणजे सरकारला ते देखरेखीतलं भगदाड वाटलं, कादंबरीकाराला साम्राज्याविरुद्धचा पुरावा आणि गावाला प्रेमकथा. तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे: 'उघडकीस आलं'. दुसऱ्याला कधी कळलं, हे सगळे सांगतात. तिला स्वतःला कधी कळलं, त्या दिवशी तिने कोणाला विचारलं, हे कोणी विचारत नाही.

ताराबाईंचा प्रश्न

मराठीत हा प्रश्न नवा नाही. थोरली राजकन्या मंडालेत रांगत होती त्याच सुमाराला, १८८१ मध्ये, सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करण्यात आली. त्या निमित्ताने बायकांवर जी चिखलफेक झाली, तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. त्यांचा रोख साधा होता: दोघांच्या करणीचं माप एकटीच्या पदरात का? त्याआधी १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं होतं. तिथे अडलेल्या बाईला 'कोण?' असं न विचारता आसरा मिळत असे.

हे माप आपल्या गोष्टीला लावून पाहावं. रत्नागिरीच्या सांगण्यात राजकन्या 'भुलली' आणि गोपाळ एकतर नशीबवान किंवा लबाड. भुलणं तिच्याकडे, नशीब त्याच्याकडे. त्याची पहिली बायको तर गोष्टीत येतच नाही. आपल्या भाषेतही पाहा: 'दिवस गेले' म्हणताना कर्ता दिवस असतो. बाई नाही आणि पुरुष तर नाहीच. मला हा वाक्प्रचार आवडतो, त्यात मार्दव आहे. पण त्याच्या आडोशाला किती जण लपले हेही कळतं.

गर्भ राहू न देण्याबद्दल उघडपणे बोलणारा माणूस याच जिल्ह्याशी नातं सांगणारा, मुरूडच्या कर्व्यांच्या घरातला होता. र. धों. कर्वे थोरल्या राजकन्येहून दोनच वर्षांनी लहान. पण त्यांचं संततिनियमन केंद्र मुंबईत निघालं ते १९२१ मध्ये. १९०५ च्या रत्नागिरीत पहाऱ्यातल्या मुलीला असं काही विचारण्याची जागा नव्हती.

मुलीच्या मागे जाणारं पुस्तक

सुधा शहा यांचं 'द किंग इन एक्झाइल' २०१२ मध्ये आलं, आणि माझ्या मते या विषयावरच्या लेखनाला तिथे वळण लागलं. शहा थिबाच्या मृत्यूपाशी थांबत नाहीत. चारही मुलींच्या आणि पुढच्या पिढीच्या मागे त्या जातात. कागदांबरोबर माणसांनाही भेटतात. त्यामुळे थोरल्या राजकन्येची कथा तिच्या लेकीच्या बाजूने वाचता येते.

ती लेक म्हणजे टुटू, गावाची बायसू. आजोबा राजा, पण तिची भाषा मराठी. रत्नागिरीतच शंकर पवारांशी तिचं लग्न झालं. कागदी फुलं करून विकत, गरिबीत तिने मोठा संसार ओढला आणि २००० साली ती वारली. घोषांची कादंबरी आली तेच हे साल. कादंबरीत जिचा जन्म कलेक्टरच्या पडझडीचं निमित्त होता, ती इथे चौऱ्याण्णव वर्षं जगली.

शहांचं पुस्तकही राजकन्येचं मन सांगू शकत नाही. तिने स्वतः लिहून ठेवलेलं हाती नसताना ते सांगू नयेच. पण त्यातून तिची एक कृती ठळक दिसते, आणि मला सगळ्या गोष्टीत तीच मोलाची वाटते. १९१९ मध्ये कुटुंबाला ब्रह्मदेशात परतायची मुभा मिळाली. राणी सुपायालत गेली आणि १९२५ मध्ये रंगूनलाच वारली. थोरली राजकन्याही टुटूला घेऊन गेली होती. पण काही काळाने ती लेकीसह रत्नागिरीला परत आली आणि १९४७ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिली. हे परतणं सुखाचं होतं असं म्हणवत नाही. तिथे सामावून घेणारं कोणी नसावं, इथे गोपाळ होता, तिचं पेन्शन होतं आणि त्यावर डोळा ठेवणारेही असणार. तरीही १८८६ मध्ये तिला इथे आणलं होतं आणि या वेळी ती आली होती. क्रियापदाचा कर्ता ती आहे, असं तिच्या आयुष्यातलं मला दिसलेलं हे पहिलं वाक्य.

टीकाकार म्हणून माझं म्हणणं इतकंच. या गोष्टीला प्रेमकथा म्हणायचा पुरावा नाही आणि फसवणूक म्हणायचाही नाही. जिथे पुरावा नाही तिथे राजवाडा उभारण्यापेक्षा जागा रिकामी ठेवावी, आणि ज्याला पुरावा आहे ते नीट सांगावं: मूल जन्मलं, आईने ते जवळ ठेवलं, परत जाण्याची वाट उघडी असताना ती त्याला घेऊन इथे आली.

डिसेंबर २०१२ मध्ये ब्रह्मदेशाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन थिबाच्या समाधीला नमस्कार करून गेले. राजाची आठवण अशी राहते. बायसूची आठवण गावातल्या जुन्या माणसांकडे आहे, आणि ती माणसं आता कमी होत चालली आहेत. पुढच्या वेळी पाहुण्यांना पॅलेस दाखवताना मी वरच्या खिडकीकडे बोट दाखवणार नाही. साल सांगेन, १९०६, आणि मुलीचं नाव सांगेन.