कंसातलं सत्य

मराठीत परीक्षण कशाचंही होतं. कादंबरीचं होतं, दिवाळी अंकांचं होतं, लग्नातल्या मठ्ठ्याचं तर पानावरून उठायच्या आतच होतं. पण यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं परीक्षण झालेलं माझ्या तरी वाचनात नाही. ही उणीव भरून काढण्याची पाळी माझ्यावर आली ती आमच्या सोसायटीच्या पाण्यामुळे.

पाण्याच्या वेळेची सूचना खडूनं लिहिली की मुलं पुसतात. म्हणून भाच्यानं दोन ओळींची, ओळीला १६ अक्षरांची विजेची पाटी आणून दिली. "मामा, रिटायर झालाहात, जमेल तुम्हाला," म्हणाला. अशा पाट्या आपण वजनकाट्यावर वगैरे पाहतो. त्यांच्या पोटात हिताची कंपनीची 'एचडी ४४७८०' ही चिप असते, किंवा तिच्यासारखी वागणारी दुसरी कुठली तरी. माझ्या पाटीतली दुसऱ्या जातीची होती. तिला हुकूम सोडणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहायचा होता. आधाराला हिताचीची १९९९ सालची साठेक पानांची पुस्तिका.

पुस्तिकेची सुरुवात मोठी घरगुती आहे. वीज ४.५ व्होल्टला पोचली की १५ मिलिसेकंदांहून जास्त थांबा. मग एक हुकूम द्या. ४.१ मिलिसेकंदांहून जास्त थांबा, तोच हुकूम द्या. १०० मायक्रोसेकंदांहून जास्त थांबा, पुन्हा तोच द्या. शाळेच्या दिवशी आई पोराला उठवते त्यातलाच हा प्रकार. "उठलास का?" असं या वेळी विचारायचं नाही, उत्तर मिळत नाही, हेही लेखकानं सांगून ठेवलंय. इथवर मी खूश होतो.

पुढे हुकुमांचा तक्ता येतो. एक अक्षर लिहायला ३७ मायक्रोसेकंद, पाटीच्या आरंभाला परत जायला १.५२ मिलिसेकंद. पाटी पुसायच्या ओळीत मात्र वेळेचा रकाना कोराच! मी शेजारच्या ओळीतले १.५२ उसने घेतले आणि वर थोडे टाकून १.६ केले. अक्षराचे ३७ चे ४० केले. वाण्याकडे काटा जरा खाली झुकतो तसं.

उद्घाटनाला सेक्रेटरींनी बटण दाबलं. रोमन अक्षरांत 'पाणी ६ ते ७' यायचं होतं. पहिलं 'पी' गळालं आणि पाटीवर झळकलं, 'आणि ६ ते ७'. तळमजल्यावरच्या काकू चष्मा पुसून म्हणाल्या, "आणि काय हो?"

रात्री दोष शोधायला बसलो. पाटी पुसून झाली की कॉम्प्युटरला तसा निरोप पाठवायची एक ओळ प्रोग्रॅममध्ये घातली. पाटी झक्क चालली! ओळ काढली, 'पी' गायब. घातली, हजर. डॉक्टर दारात आले की ताप उतरावा तसं. दोन रात्री गेल्या. मग डोक्यात आलं, निरोप जातो सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगानं, म्हणजे एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद. दोष पाहायला मी जो दिवा लावत होतो, त्याच्याच उजेडात दोष पळत होता.

रविवारी भाचा आला. 'रिकामी आहेस का?' असं चिपला विचारायची सोय असते. काटकसर म्हणून ती तार मी ग्राउंडला बांधून टाकली होती. त्यानं ती सोडवली, चिपलाच विचारलं. पाटी पुसायला तिला १.६४ मिलिसेकंद लागत होते. मी थांबत होतो १.६. फरक ४० मायक्रोसेकंदांचा, बरोबर एका अक्षराचा!

"मामा, तक्त्याचं डोकं वाचलंत का?" तो म्हणाला. वाचलं होतं. 'जास्तीत जास्त वेळ' असं तिथे छापलंय. पण त्याच्यापुढे कंसात आहे: चिपचं घड्याळ २७० किलोहर्ट्झवर असताना. माझ्या चिपचं २५० वर होतं. १.५२ ला २७० नं गुणा, २५० नं भागा, १.६४ येतात. हा त्रैराशिकाचा हिशेबही पुस्तिकेत करून दाखवलाय. आणि हे घड्याळ १९० पासून ३५० पर्यंत कुठेही असू शकतं, हेही पुढच्या पानांत दिलंय. १९० वर ३७ चे जवळजवळ ५३ होतात.

तेव्हा समीक्षक म्हणून माझं मत असं. पुस्तिका खोटं बोलत नाही. पण 'जास्तीत जास्त' हे शब्द तक्त्याच्या माथ्यावर मिरवतात आणि 'जर' बिचारा कंसात अंग चोरून उभा असतो. त्यातून आकडा ३७! लग्नपत्रिकेत 'दुपारी साडेबाराच्या सुमारास' असतं तर आपण वाट पाहायच्या तयारीनं गेलो असतो. १२ वाजून ३७ मिनिटं म्हटलं की धावत सुटतो, आणि पोचावं तर नवरदेव अजून दाढी करतोय. 'चाळीसेक, चिप पाहून' असं लिहिलं असतं तर मी ती तार कशाला बांधली असती?

आता पाटी नीट चालते. परवा मात्र सात वाजून गेले तरी नळ कोरडे. काकू पाटीकडे बोट दाखवून मलाच बोलल्या. टाकी भरली नव्हती, त्याला मी काय करणार? पण त्याच संध्याकाळी पाटीत दुरुस्ती केली. 'पाणी ६ ते ७' आता खालच्या ओळीत आहे. वरच्या ओळीत, कंस न घालता, लिहिलंय: 'टाकीत असल्यास'.