बॅट कुणाच्या हातात

केज तालुक्यातल्या आमच्या गावात क्रिकेट सगळ्यांचं होतं, बॅट मात्र सगळ्यांची नव्हती. आईवडील ऊसतोडीला गेले की मी आजीजवळ राहायचो आणि सुट्टीची दुपार मैदानात काढायचो. मी बौद्धवाड्यातला. बोलिंग चांगली, म्हणून बोलावणं यायचं. बॅटिंगची पाळी येण्याआधी मात्र दिवस मावळायचा. रोजच. याला काय म्हणायचं, ते कळत नव्हतं.

कळलं ते अंबाजोगाईला कॉलेजात असताना, रामचंद्र गुहा यांचं ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (२००२) डिक्शनरी शेजारी ठेवून वाचताना. त्यात बाळू पालवणकर भेटले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर ते मैदान राखायचे आणि साहेबांना तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकायचे. त्यांच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. गोऱ्यांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदूंनी या चर्मकार गोलंदाजाला संघात घेतलं. चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद घरात आलं ते १९२३ साली, धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे.

धावफलक आणि चहाचं भांडं एकाच पानावर ठेवणं, ही गुहांची मोठी ताकद. ‘जात’ हा त्यांच्या पुस्तकाचा एक स्वतंत्र भागच आहे. माझी अडचण पुढे झाली. १९३७च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध मुंबईत उभे राहिले आणि हरले. आमच्या घरात भिंतीवर एकच फोटो, बाबासाहेबांचा. मी पुस्तक मिटलं, ते आठवडाभर उघडलं नाही.

गुहा हा प्रसंग लपवत नाहीत. पण त्या वेळी बाळूंच्या मनात काय होतं, ते पुस्तकातून हाती लागत नाही. आत्मचरित्र लिहिलं ते विठ्ठल यांनी, ‘माझे क्रीडा-जीवन’. बाळू आपल्याला दुसऱ्यांच्या तोंडूनच ऐकावे लागतात. ही उणीव गुहांनी अधिक ठळकपणे मांडायला हवी होती, कारण ज्याला बॅट मिळाली नाही त्याला लेखणीही मिळाली नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

तरुणपणी आंबेडकरांना बाळूंचा अभिमान होता, हेही गुहाच सांगतात. ते वाचून मी पुस्तक पुन्हा हाती घेतलं. नाकारताच येणार नाही असा चेंडू टाकायचं धाडस बाळूंचं. मैदान कुणाचं, हे विचारायचं बाबासाहेबांचं. मला एकाची निवड करायची गरज उरली नाही.

त्या दिवाळीत गावी गेलो, तर बोलिंगला बोलावणं आलं. मी आधी विचारलं, “माझी बॅटिंग कितव्या नंबरला?” जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग एकजण म्हणाला, “पाचव्याला ये.”

तीन रनांवर आउट झालो.