अवधींचं गणित आणि निसटलेला क्षण

सुरुवात गच्चीवरच्या टाकीपासून करू; हुडकेश्वरात ती कुणाला समजावून सांगायला नको. टाकीतली पातळी सलग चढते-उतरते. मोटारीचा खटका मात्र एका क्षणात पडतो. मोटार आपोआप चालू-बंद करणारं यंत्र बनवायचं, तर त्यानं कसं वागावं हे आधी नेमकं लिहायला हवं. कोणत्या चिन्हांत लिहायचं?

१९९१ साली झोऊ चाओचेन, टोनी होअर आणि अँडर्स राव्हन यांनी 'ड्युरेशन कॅल्क्युलस' मांडलं. त्यातलं गाजलेलं उदाहरण गॅसच्या बर्नरचं. ६० सेकंद किंवा त्याहून लांब अशा कोणत्याही कालखंडात गळतीचा एकूण वेळ त्याच्या विसाव्या भागाहून जास्त नको. गळती कधी झाली, किती तुकड्यांत झाली, हे ही अट विचारतच नाही. ती वेळेची बेरीज करते. मग रचना अशी की, प्रत्येक गळती १ सेकंदात थांबावी आणि दोन गळत्यांमध्ये निदान ३० सेकंद जावेत. एवढं पाळलं की मूळ अट पाळली जाते, हे चक्क सिद्ध करता येतं. "गळती फार होऊ देऊ नये" या वाक्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक!

आमचा आक्षेप वेगळाच आहे. बेरजेत क्षणाचं मोल शून्य. खटका दाबला त्या बिंदूला लांबी नाही, म्हणून मूळ कलनाला तो दिसतच नाही. आणि माणूस यंत्राशी बोलतो तो नेमका अशाच बिंदूंत. टाकी सांडली तर पाणी वाया जाईल. पण रुग्णाला औषध सोडणाऱ्या पंपावर नर्सनं 'बंद' दाबलं असेल तर? पुढे घटनांसाठी जोडण्या झाल्या, पण त्या नंतर लावलेल्या ठिगळांसारख्या वाटतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परितोष पंड्या यांनी काळ सुट्या टप्प्यांचा मानून या कलनाचं रूप घडवलं आणि तपासणीसाठी 'डीसीव्हॅलिड' हे साधन उभं केलं. तिथं क्षणाला जागा मिळते. पण दोन टप्प्यांच्या मध्ये पाणी काठावरून सांडून परत खाली गेलं, तर कागदावर ते सांडलंच नाही! आमच्याकडचा जुनाच तंटा हा: बौद्धांना क्षणच खरा, वैशेषिकांना काळ एक आणि अखंड.

आम्हाला विचाराल तर टाकीसाठी मुंबईचं रूप घ्यावं. टप्पा मात्र पाणी किती वेगानं चढतं ते मोजून ठरवावा, आणि तो आकडा सूत्राच्या शेजारीच लिहावा, लिहिणाऱ्याच्या डोक्यात ठेवू नये.