रकान्यात हरवलेली वस्ती

लकडगंजच्या आरामशिनीवर लाकूड मापानं कापतात. शहरभूगोलवाले मोहल्ले आकड्यानं कापतात. अमेरिकेत शेव्हकी आणि बेल यांनी १९५५ साली जनगणनेवरून मोहल्ल्यांचे वर्ग पाडले: आर्थिक दर्जा, कुटुंबरचना, वांशिक वेगळेपण. पद्धत चोख. पण मी विचारतो, रकाना कोण आखतो? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण बौद्ध झालो आणि १९६१ च्या जनगणनेत अनुसूचित जातींच्या रकान्याबाहेर गेलो. १९९० च्या कायद्यानं १९९१ ला त्यात परत आलो. मधल्या जनगणनांत धर्माचा रकाना शेजारी मांडल्याशिवाय आपली वस्ती या नकाशात दिसणारच नव्हती. विटाळ पाळणाऱ्याला मात्र तिचा पत्ता बरोब्बर ठाऊक होता. दोस्तहो, नकाशाचे रंग नंतर बघा. आधी रकाना तपासा.